ज्ञान पोस्टने पुस्तकं पाठवून बघितली, आणि वडशाकडच्या ताईंबद्दल

पुस्तकं पाठवायला ज्ञान पोस्ट (टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा) कसं आहे असं गेल्या महिन्याभरात तिघाचौघांनी विचारलं, प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. पण आधीच सांगते, नुसता दर आणि दिवस असा रिव्ह्यू मला जमणार नाही, कारण मी ही सेवा आजवर वापरली ती एकाच पत्त्यावर, एकाच बाईसाठी. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुढं जाणारच नाही. ज्यांना फक्त दर हवेत त्यांनी मधला भाग सोडून खाली जावं, मला राग नाही.

मी साताऱ्यात राहते. ताई राहतात वडशाच्या पलीकडे एका खेड्यात, गडचिरोली जिल्हा, सगळा धानाचा पट्टा. आमची ओळख २०१६ सालची, पूर्ण ऑनलाइन. आजपर्यंत आम्ही एकमेकींना बघितलेलं नाही, फोनवरसुद्धा बोललेलो नाही. बोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही हं, पण दोघींनाही लिहिण्याची सवय झाली आणि ते तसंच राहिलं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई. सुरुवातीला त्याही मला अहो-जाहो करायच्या, तीन वर्षांनी एके दिवशी अचानक 'तू' म्हणाल्या, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते.

ताई लिहितात, आणि त्यांचं मी पहिलं वाचलं ते पुंजण्यांवर. धान कापून झालं की तिकडं शेतातच रचून ठेवतात, त्याला पुंजणे म्हणतात, आणि चुरणी म्हणजे मळणी व्हायच्या आधी अवकाळी पाऊस आला की घरादाराची झोप उडते. मध्यरात्री ताडपत्र्या ओढत दोघं नवराबायको बांधीतून पळतायत एवढंच लिहिलेलं. कुठंही 'आमचं काळीज तुटलं' वगैरे नाही. फक्त ताडपत्री कुठं फाटलेली आहे ते त्यांना अंधारात हाताला कळतं, आणि तिथं त्या स्वतः बसून राहतात सकाळपर्यंत. भोकावर. पाठीवर पाऊस घेत. मी ते वाचून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मी स्वतः तेव्हा बारा वर्षं लिहीत होते, दोन-चार ठिकाणी छापून आलेलं, शाबासकीही मिळालेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की अरे, लिहिणं हे असतं होय.

त्यानंतर मी त्यांचं काहीही सोडलं नाही. मोहाची फुलं वेचायला पहाटे जातात ते, मामा तलावांवरचं ते. (मामा म्हणजे माजी मालगुजारी, कुणाचा मामा नव्हे, मलाही त्यांच्यामुळेच कळलं. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडं आले.) त्यावर त्यांनी काय लिहावं, तर तलावाच्या पायऱ्यांवर. कोणत्या महिन्यात कितव्या पायरीवर पाणी असतं, आणि कितव्या पायरीवर कोण बसतं. म्हातारी माणसं वरच्या, धुणारणी मधल्या, आणि उन्हाळ्यात ज्या पायऱ्या उघड्या पडतात त्यांवर कुणाचीच जागा ठरलेली नसते म्हणून पोरं तिथं खेळतात. बास. पाणी, गाव, जात, वय सगळं त्यात आलं आणि एकही मोठा शब्द नाही.

आणि भाषा. तिकडच्या झाडीबोलीत ळ आणि ण नाहीत, तलावाच्या 'तळ्या'चा तिकडं तरा होतो, पाण्याचं पानी. ताई निवेदन साध्या मराठीत लिहितात पण माणूस बोलायला लागला की तो त्याचंच बोलतो. आमच्याकडं जावळी-पाटणला भाताचं खाचर म्हणतात, त्यांच्याकडं बांधी. आम्ही लावणी म्हणतो, ते रोवणी. तलाव शेततळ्यासारखा छोटा असेल तर बोडी. हे शब्द त्या समजावून सांगत नाहीत, वापरत राहतात, तिसऱ्या-चौथ्या वेळेला आपोआप कळतं. मला याचं फार अप्रूप वाटतं कारण मी स्वतः आमच्याकडचे शब्द वापरताना लगेच पुढं अर्थ लिहून मोकळी व्हायचे, जणू वाचणाऱ्याची माफी मागतेय. ती सवय ताईंना वाचून गेली.

सगळ्यात लाडका लेख प्रॉम्प्टरवरचा. झाडीपट्टीची, म्हणजे तिकडच्या धानाच्या पट्ट्यातली, नाटकं माहीत असतीलच, दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, धान घरात आलेलं असतं, आणि रात्रभर नाटक चालतं, वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा ही रंगभूमी ऐकली. तिथं स्टेजच्या पुढं खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो आणि अख्खं नाटक तो वाचून देतो. ताईंनी लिहिलंय की त्याला खालून नटांचे पाय सगळ्यात जवळून दिसतात, त्यामुळं कोण खरं रडतंय आणि कोण खोटं हे तो पायांवरून सांगतो. त्या लेखातला प्रॉम्प्टर घरी आल्यावर बायकोशीसुद्धा हळू बोलत नाही कारण आयुष्यभर दुसऱ्याचे संवाद मोठ्यानं दिलेत. मी हा लेख किमान तीस वेळा वाचलाय आणि अजून मला कळत नाही की तो इतका हलका कसा राहतो.

आता त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते एकच सांगते. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरण्यावर मी एक लेख लिहिला आणि आधी ताईंना पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मग एवढंच आलं, 'शेवटचे दोन परिच्छेद काढ, बाबांना कपाटापाशीच राहू दे.' मला आधी राग आला, त्या दोन परिच्छेदांवर मी आठवडा घालवला होता. रात्री काढून बघितले. लेख तिथं उभा राहिला. ते दोन परिच्छेद म्हणजे मी वाचणाऱ्याला हाताला धरून बाहेर आणत होते, आणि बाहेर यायची कुणालाच गरज नव्हती. त्यांनी हे एका ओळीत बघितलं, सातशे-आठशे किलोमीटरवरून, मला एकदाही न भेटता.

बरं. आता पोस्ट.

पुस्तकांची देवाणघेवाण आमची पहिल्या वर्षापासूनची इच्छा, पण तिकडं चांगलं पुस्तकांचं दुकान जवळ नाही आणि इकडून पाठवायचं तर खर्च. एकदा मी कुरिअरने पाठवलं, कंपनीचं नाव लिहीत नाही, एका पुस्तकाला दीडशे रुपये घेतले आणि ते खेड्यात गेलंच नाही. तालुक्याच्या ऑफिसात पडून राहिलं, 'येऊन घेऊन जा' असा फोन त्यांच्या मुलाला आला, रोवणीचे दिवस, कोण जाणार. शेवटी मिळालं तेव्हा कोपरा भिजलेला आणि पानं एकमेकांना चिकटलेली. ताईंनी ते चुलीजवळ वाळवून वाचलं आणि मला कळवताना भिजल्याचं सांगितलंच नाही, पुढं कधीतरी त्यांच्या एका लेखात 'फुगलेलं पुस्तक' आलं तेव्हा मला उमगलं.

मग आम्ही पोस्टाचं रजिस्टर्ड बुक पोस्ट वापरायचो, स्वस्त होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं. आणि मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. दर असा आहे की तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, तिथून वजनाप्रमाणं वाढत वाढत पाच किलोला शंभर, वर टॅक्स. पाच किलो पुस्तकं शंभर रुपयांत महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, आणि ट्रॅकिंग नंबरसकट. ट्रॅकिंग हे माझ्यासाठी मोठं आहे कारण दर दोन तासांनी बघत बसायचा माझा स्वभाव आहे.

पार्सल विमानाने जात नाही, जमिनीवरून जातं, रस्त्याने आणि रेल्वेने. त्यामुळं उद्या वाढदिवस आहे आणि आज पाठवायचंय असं असेल तर स्पीड पोस्ट करा, त्याचं काम तेच आहे. माझी पार्सलं सात ते दहा दिवसांत पोचली. मला ते दिवस आवडतात, खरंच. पुस्तक नागपूरला पोचलं असं दिसलं की मी ताईंना कळवत नाही, त्याही नंबर मागत नाहीत, त्यांना ते अचानक दारात यायला हवं असतं.

काय चालतं आणि काय नाही हे नीट समजून जा, म्हणजे काउंटरवर खोळंबा होत नाही. छापील पुस्तकं चालतात, शैक्षणिक, सांस्कृतिक, सामाजिक, धार्मिक वगैरे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिकं चालत नाहीत आणि जाहिरातींनी भरलेलं काही चालत नाही. म्हणजे दिवाळी अंक नाही. हे मला २०२५ च्या दिवाळीत कळलं, ताईंची कथा एका अंकात आली होती आणि त्यांच्याकडं अंक पोचायच्या आधी माझ्या हातात पडला, मी धावत पोस्टात. काउंटरवरच्या मॅडमनी अंक चाळला, मागचं कव्हर बघितलं, सोन्याच्या दुकानाची जाहिरात, आणि शांतपणे नियम समजावून सांगितला. माझ्या मागं रांग होती तरी पूर्ण सांगितला. मग तो अंक स्पीड पोस्टने गेला. मॅडमनी विचारलं, 'तुमची कथा आहे का यात?' मी म्हटलं, 'नाही, माझ्या मैत्रिणीची.' आणि हे म्हणताना मला जो आनंद झाला तो माझी स्वतःची कथा छापून आल्यावर झालेला मला आठवत नाही.

पुस्तकात वेगळी चिठ्ठी घालायची नाही हेही लक्षात ठेवा, ही सवलत छापील मजकुराला आहे, पत्राला पोस्टकार्ड आहे ना, पन्नास पैसे. आंतरदेशीय अडीच रुपये. आम्ही दोघी हे पाळतो. त्यामुळं होतं काय की पुस्तक एका वाटेनं निघतं आणि पत्र दुसऱ्या वाटेनं, कधी पत्र आधी येतं, त्यात लिहिलेलं असतं 'चाळिसाव्या पानावर थांब आणि आधी मला कळव', आणि पुस्तक अजून रस्त्यात. मग चार दिवस त्या चाळिसाव्या पानाची वाट बघायची.

ताईंचं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं ते अशाच एका पोस्टकार्डावर. नऊ वर्षं मी त्यांचं प्रत्येक वाक्य स्क्रीनवरच्या एकाच फॉन्टमध्ये वाचलेलं, माझंही त्याच फॉन्टमध्ये, सगळ्या जगाचं त्याच फॉन्टमध्ये. आणि हे अक्षर उभट, थोडं डावीकडं कललेलं, शिरोरेघ शब्दाच्या शेवटी थोडी पुढं निघून जाते. पोस्टकार्डाची जागा पुरवून पुरवून लिहिलेलं. आणि तेव्हा मला कळलं की त्यांची वाक्यं इतकी आखूड का असतात. त्या आयुष्यभर कागद पुरवून लिहीत आल्यात. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर आधी लिहायचं आणि मग मोबाइलवर टाइप करायचं असा त्यांचा क्रम, हे त्यांनी पुढच्या पत्रात सांगितलं, मी विचारल्यावर.

पत्ता लिहिताना एक गोष्ट दर वेळी डोक्यात येते. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. दिवसा पोस्ट-तार खात्यातली मोठी नोकरी आणि त्याच माणसानं संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिली. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, वेगवेगळी स्पेलिंगं, त्यातून पत्रं भलतीकडं जायची म्हणून सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, आपल्या सगळ्यांचा चार, शेवटचे तीन आपापल्या पोस्ट ऑफिसचे. ताईंच्या गावाच्या नावाची विदर्भातच आणखी दोन गावं आहेत. म्हणजे माझं पुस्तक बरोबर त्यांच्याच दारात जातं ते एका कवीनं बसवलेल्या आकड्यांमुळं, हे मला दर वेळी लिहिताना आत कुठंतरी बरं वाटतं. त्यांच्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे, ४४१, लिहिले की हात आपोआप सावकाश होतो.

त्यांच्या गावात शाखा डाकघर आहे, कुणाच्यातरी घराच्या पुढच्या खोलीत. तिथले डाकसेवक सायकलवरून येतात आणि लांबूनच ओरडतात, 'बाई, साताऱ्याचं आलं!' गावात आता मला सातारा म्हणूनच ओळखतात असं ताईंनी लिहिलंय. मी तिथं कधी गेलेली नाही आणि तिथं माझं नाव पडलंय.

आजवर मी त्यांना पाच पार्सलं केली आणि त्यांनी मला चार. त्यांनी पाठवलेल्यात एक झाडीबोलीचा शब्दकोश होता, जड, आणि जुन्या कथासंग्रहांतले दोन, त्यांच्या स्वतःच्या कपाटातले. त्यांच्या समासात पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या. शेरे नाहीत. कुठं एखाद्या वाक्याशेजारी फक्त टिंब, कुठं दोन टिंबं. मी पत्रातून विचारलं टिंब म्हणजे काय, तर उत्तर आलं की एक टिंब म्हणजे इथं मी श्वास घेतला, दोन म्हणजे इथं घेतला नाही. मी ती दोन्ही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचली, टिंबं बघत. चांगल्या कथा-कादंबऱ्या कशा वाचायच्या यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली असतील, इतकं कशानंच शिकवलं नाही.

जी. ए. कुलकर्णींबद्दल आपण वाचतो की धारवाडला राहून त्यांनी किती माणसांशी फक्त पत्रांतून नाती जपली, ती पत्रं पुढं खंडांमध्ये छापून आली. मला आधी ते वाचताना वाटायचं की भेटत का नव्हते लोक, गाडी होती की पुण्यापर्यंत. आता वाटत नाही. ताईंना मी भेटायला जाऊ शकते, पुण्याहून नागपूर रात्रीत होतं, पुढं वडशाला रेल्वे आहे. त्यांनी दोनदा बोलावलंयसुद्धा, मंडईला ये म्हणून. मी जाईन. पण जी बाई मला तिच्या वाक्यांतून माहीत आहे ती मला इतकी पूर्ण माहीत आहे की घाई वाटत नाही, आणि हे मी आळसानं म्हणत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

ताईंचं पुस्तक नाही. नऊ वर्षांचं सगळं लिखाण इकडं तिकडं पसरलेलं, आणि त्यांच्याकडं ते एकत्र कुठंच नाही, रजिस्टरं काही उंदरांनी खाल्ली काही चुलीत गेली. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी बसले आणि माझ्याकडं होतं तेवढं सगळं एका फाइलमध्ये तारखांप्रमाणं लावलं. बावन्न लेख आणि अकरा कथा. झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर प्रिंट काढली, एकशे चाळीस कागद, वर जाड पुठ्ठा, बाजूनं स्पायरल. घरच्या काट्यावर साडेसहाशे ग्रॅमच्या पुढं भरलं. ते घेऊन मी पोस्टात गेले, ज्ञान पोस्टनंच पाठवायचं हे माझ्या डोक्यात पक्कं, कारण हे पुस्तकच आहे, यापेक्षा मोठं पुस्तक मला माहीत नाही.

मॅडमनी पहिलं पान उलटलं, मागचं उलटलं. मुद्रकाचं नाव शोधत होत्या. ते नव्हतं, कुठून असणार. 'हे यात बसत नाही हो ताई,' म्हणाल्या, आणि परत द्यायच्या आधी मधलं एक पान उघडून उभ्या उभ्या वाचायला लागल्या. दुपारची वेळ होती, रांग नव्हती. मी काही बोलले नाही. त्यांनी पान उलटलं. प्रॉम्प्टर होता. तीन पानांचा लेख आहे तो, त्यांनी शेवटपर्यंत वाचला, मग वही बंद करून माझ्याकडं बघत म्हणाल्या, 'याचं पुस्तक करा की.' आणि स्पीड पोस्टचा फॉर्म दिला.

अठरा दिवसांनी ती वही परत आली, तीही स्पीड पोस्टनं. मी उघडली आणि खाली बसले. ताईंनी सगळी एकशे चाळीस पानं पेन्सिलीनं तपासली होती. मला ज्यांनी एक ओळ काढ, दोन परिच्छेद काढ म्हणून लिहायला शिकवलं, त्या स्वतःशी काय करतात ते मला पहिल्यांदा दिसलं. पुंजण्यांच्या लेखात 'रात्री' हा शब्द सहा वेळा होता, पाच खोडलेत, पहिला ठेवलाय. मोहाच्या लेखातला अख्खा शेवट गेला, जो मला तोंडपाठ आहे, ज्यावर मी एकदा त्यांना भलंमोठं कौतुक लिहिलं होतं. त्याच्याशेजारी लिहिलंय, 'तुले आवडला म्हणून नऊ वर्षं ठेवला, आता राहू दे.' तीन लेख पूर्ण काटले. एका कथेत नव्या दोन ओळी घातल्यात, कथेतली सासू शेवटी दार लावते तिथं, पूर्वी ती नुसती दार लावायची, आता दार लावून पुन्हा उघडून बघते. मी त्या दोन ओळींवर त्या दिवशी स्वयंपाक सोडून बसले होते. ही कथा मी सात वर्षं ओळखते आणि ती बाई पुन्हा दार उघडते हे ताईंना माहीत होतं, त्यांनी फक्त आत्ता सांगितलं.

प्रॉम्प्टरला मात्र हात लावलेला नाही. त्या समासात दोन टिंबं आहेत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच जोडी, मधोमध.

तर सेवेबद्दल माझं मत विचारलंत म्हणून, ज्यांच्या जवळचं माणूस खेड्यात राहतं आणि वाचतं त्यांनी ज्ञान पोस्ट डोळे मिटून वापरावं. शाळांना, गावच्या वाचनालयांना पुस्तकं पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच, पाच किलोला शंभर हा दर त्यांच्यासाठी मोठा दिलासा आहे. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग खाकी कागदात बांधा, बाहेर ज्ञान पोस्ट असं ठळक लिहा, पिनकोड आणि मोबाइल नंबर सुवाच्य लिहा, आणि पाकीट चिकटवायच्या आधी काउंटरवर पुस्तक दाखवा, मी तसंच करते, सगळ्यांचं काम सोपं होतं. पावती जपून ठेवा, तिच्यावर तेरा अक्षरांचा नंबर असतो. पाच पैकी पाच, माझ्याकडून.

मी सध्या ताईंच्या दुरुस्त्या फाइलमध्ये घालतेय, रोज तीन पानं. आमच्या गावातल्याच एका छापखान्याशी बोलणं झालंय, दोनशे प्रती काढायच्या, ए-फाइव्ह आकार, सत्तर जीएसएमचा कागद. मी हिशोब करून बघितला, दोनशे पानं झाली तर कागद सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, कव्हर आणि डिंक धरून अडीचशे. तीनशेच्या आत. आणि दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव असेल, ते मी स्वतः प्रूफमध्ये तपासणार आहे. पहिली प्रत ४४१ ला जाईल, दुसरी काउंटरवरच्या मॅडमना.